घरातली वस्तू आणि कोर्टातली किंमत
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या वाढदिवशी दरवर्षी कोणी ना कोणी एखाद्या उपयोगी विषयावर चार शब्द सांगत असते. मागे लोणची-मुरंब्यांवर झाले, बालसंगोपनावर झाले, बचतीवर झाले. या वेळी चिटणीसबाईंनी मला उभे केले आहे. मी सातवी शिकलेली बाई. वकील नव्हे, की मास्तरीण नव्हे. पण गेली तीन वर्षे माझ्या धाकट्या बहिणीबरोबर कौटुंबिक न्यायालयाच्या तारखांना मी गेले. कागदांची पिशवी माझ्या हातात असे. त्या पिशवीतून जे शिकले, ते तुमच्यापुढे ठेवते.

विषय थोडा कडू आहे. सणासुदीच्या दिवशी कोर्टाचे नाव कशाला, असे काहीजणींच्या मनात येईल. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे मलाही पाठ आहे. पण पायरी चढायची की नाही, हे दर वेळी आपल्या हातात नसते. समोरच्याने नोटीस धाडली, की आपल्याला जावेच लागते. आणि गेल्यावर कळते, की तिथे रडण्याला किंमत नाही, मोजमापाला आहे. ‘माझे पुष्कळ दागिने होते’ हे तिथे चालत नाही. किती, कोणते, किती वजनाचे, कोणी दिले आणि आज कोणाच्या ताब्यात आहेत, हे सांगावे लागते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करते, कारण तिच्यात बऱ्याचजणींचा घोटाळा होतो. नवरा-बायकोतला मालमत्तेचा वाद कौटुंबिक न्यायालयात चालतो. त्यासाठी १९८४ चा कायदा आहे. पण भावा-बहिणींतली वडिलोपार्जित जमिनीची वाटणी तिथे चालत नाही, तिला दिवाणी न्यायालय. किंमत ठरविण्याची तऱ्हा मात्र दोन्हीकडे साधारण सारखीच आहे, म्हणून मी दोन्हींबद्दल बोलणार आहे.

दुसरा गैरसमज असा, की घटस्फोट झाला म्हणजे नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोचा अर्धा वाटा आपोआप येतो. महाराष्ट्रात तसे नाही. घर कोणाच्या नावावर आहे, पैसे कोणी भरले, हप्ते कोणाच्या खात्यातून गेले, हे दाखवावे लागते. पोटगी वेगळी, स्त्रीधन वेगळे आणि घरातला हिस्सा वेगळा. आपल्या शेजारच्या गोव्यात निराळी रीत आहे. तिथे पोर्तुगीजांच्या वेळेपासूनच्या कायद्याने, वेगळा करार केलेला नसेल तर, नवरा-बायकोची मिळकत सामायिक धरतात आणि दोघांचा अर्धा अर्धा वाटा मानतात. पण गोव्यात दिलेल्या मैत्रिणीचे ऐकून आपण इकडे तसे समजून बसू नये.

आता दागिन्यांकडे वळते, कारण तो विषय प्रत्येकीच्या कपाटातला आहे.

लग्नात आईवडिलांनी, सासरच्यांनी, नातेवाइकांनी मुलीला दिले ते तिचे स्त्रीधन. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी यांच्या खटल्यात स्वच्छ सांगितले, की स्त्रीधन हे बायकोच्या एकटीच्या मालकीचे असते आणि सासरच्यांकडे ते नुसते सांभाळायला दिलेले असते. त्याच वर्षी सरकारने नियम केले, की लग्नात वधूवरांना मिळालेल्या वस्तूंची यादी करावी, प्रत्येक वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते लिहावे आणि दोघांनी सह्या कराव्यात. भगिनींनो, आपल्यापैकी कितीजणींच्या लग्नात अशी यादी झाली? आहेर लिहायला माणूस बसतो, स्टीलची ताटे कोणी दिली ते वहीत असते, पण मुलीच्या अंगावरच्या सोन्याची यादी नसते.

माझ्या बहिणीच्या बाबतीत आईने एका जुन्या वहीत ‘साज ४ तोळे’ असे लिहून ठेवले होते. तेवढ्या एका ओळीवर दोन तारखा गेल्या. कारण जुना तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा, आणि आज बाजारात तोळा म्हणजे १० ग्रॅम. चार तोळ्यांचे एका हिशेबाने सुमारे साडेसेहेचाळीस ग्रॅम होतात, दुसऱ्या हिशेबाने चाळीस. फरक साडेसहा ग्रॅमचा, आणि आजच्या भावाने तो थोडाथोडका नव्हे. सुदैवाने सराफाची पावती सापडली, तीवर ग्रॅममध्ये वजन होते. म्हणून मी सांगते, तोळा लिहू नका, ग्रॅम लिहा.

त्यातही साज, ठुशी असे दागिने असतील तर आणखी सावध राहावे. कोल्हापुरी साजाच्या पानांत लाख भरलेली असते. काट्यावर ठेवला म्हणजे लाखेसकट वजन येते. समजा, साज ६० ग्रॅम भरला आणि त्यात १८ ग्रॅम लाख, मणी व दोरा असेल, तर सोने ४२ ग्रॅमच. ते २२ कॅरटचे असेल तर शुद्ध सोने साडेअडतीस ग्रॅमच्या आसपास. म्हणजे ‘साठ ग्रॅमचा साज’ असे मोघम मागितले, की समोरचा वकील आपल्यालाच खोटे पाडतो. आणि उलट, आपण खरे वजन लिहून ठेवलेले नसेल तर परत करताना समोरचा मनाला येईल तेवढी लाख दाखवितो. म्हणून एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचे वजन, दोन्ही वेगवेगळी लिहावीत. घडणावळीचे पैसे मोडीत मिळत नाहीत, हे तर तुम्हांला माहीत आहेच.

१ जुलै २०२१ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांची एक खूण येते. ती प्रत्येक दागिन्याची निराळी असते. १ एप्रिल २०२३ पासून तर तशा खुणेशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. नवीन घेतलेल्या दागिन्यावरची ती खूण वहीत उतरवून ठेवा. माणसाला जसे नाव, तसे हे दागिन्याचे नाव आहे. उद्या ‘हा तो नव्हेच’ असे कोणी म्हणू शकणार नाही.

लग्नाचे फोटो उपयोगी पडतात, पण फोटोवरून दागिना दिसतो, वजन दिसत नाही. फोटो, पावती आणि ज्या सराफाने घडविला त्याची साक्ष, अशी तिन्ही जुळली म्हणजे बात पक्की होते. मोबाईलमधले फोटो दाखल करावयाचे असल्यास त्याबरोबर कायद्याने एक दाखला लागतो, तो वकिलांकडून वेळेत करून घ्यावा. फोनच बिघडला किंवा विकला तर मागून पंचाईत होते.

मागणी लिहिताना आमच्या वकिलीणबाईंनी एक चांगले केले. नुसती किंमत मागितली नाही. ‘दागिने परत द्यावेत, न दिल्यास देण्याच्या दिवशीच्या भावाने किंमत द्यावी’ असे लिहिले. लग्नाच्या वेळचा भाव धरला असता तर सोन्याचे पितळ झाले असते.

आता घराकडे येते. इथेच ते तज्ज्ञ म्हणतात ते येतात.

बहिणीचे राहते घर म्हणजे दोन खोल्यांचा, स्वयंपाकघराचा फ्लॅट, दोघांच्या नावावर, कर्ज अजून चालू. तो कोणी ठेवायचा आणि दुसऱ्याला किती द्यायचे, हा प्रश्न. तिची मुलगी तेव्हा सहावीत होती, शाळा घरापासून चालत दहा मिनिटांवर. बहिणीला घर हवे होते, पण त्यासाठी नवऱ्याचा हिस्सा पैशात द्यावा लागणार होता. म्हणजे घराची किंमत जितकी जास्त ठरेल तितके तिला जड. मग ती म्हणाली, की मला घर मिळालेच नाही आणि माझाच हिस्सा पैशात घ्यावा लागला, तर किंमत जास्त असलेली बरी! भगिनींनो, किंमत कमी हवी की जास्त, हे तुम्ही घर ठेवणार की सोडणार यावर फिरते. म्हणून आधी आपल्याला काय हवे ते मनाशी ठरवा आणि मग खरी किंमत काढा. खरी काढली म्हणजे दोन्हीकडून उभे राहता येते.

समोरच्यांनी एक मूल्यांकनकार आणला, आम्हीही एक आणला. दोघेही सरकारमान्य. त्यांनी किंमत काढली ४२ लाख, आमच्याने साडेअठ्ठावन्न लाख. एकच घर, त्याच भिंती, आणि साडेसोळा लाखांचा फरक! मला वाटले, एक जण खोटे बोलतो आहे. तसे नव्हते. दोघांचे अहवाल शेजारी ठेवून वकिलीणबाईंनी आम्हांला समजावून दिले.

त्यांच्या माणसाने आतले क्षेत्र ६०० चौरस फूट धरले, ते बरोबर. पण दर ७,००० रुपये लावला, तो सरकारच्या रेडी रेकनरचा, तोही दोन वर्षांपूर्वीचा. रेडी रेकनर हा मुद्रांक शुल्कासाठी केलेला तक्ता आहे. गल्लीतल्या घराला आणि रस्त्यावरच्या घराला तो पुष्कळदा एकच दर दाखवितो. कोर्ट तो पाहते, पण तोच बाजारभाव असे मानण्याचे बंधन नाही.

आमच्या माणसाने दर ८,५०० लावला, तो शेजारच्या इमारतीत झालेल्या खऱ्या विक्रीवरून, तेही बरोबर. पण गुणताना क्षेत्र ६९० धरले, भिंतींसकट. तो दर आतल्या क्षेत्राचा आणि क्षेत्र बाहेरचे. म्हणजे दूध लिटरने मोजायचे आणि दर शेराचा लावायचा. उलटतपासणीत ते उघडे पडले, आणि एका चुकीपायी त्या अहवालातल्या चांगल्या गोष्टींचेही वजन गेले.

शेवटी न्यायालयाने आपला कमिशनर नेमला. दिवाणी प्रक्रियेच्या कायद्यात, जागेवर जाऊन पाहणी करण्यास व बाजारभाव काढण्यास असा माणूस नेमण्याची सोय आहे. दोन्ही पक्षांसमोर टेप लावून त्याने मोजले. ६०० चौरस फूट, दर ८,५००, एकूण ५१ लाख. कर्ज बाकी १५ लाख, ते वजा जाता ३६ लाख. अर्धे १८ लाख. पण तो कागद आला म्हणजे झाले असे नाही. कमिशनरच्या अहवालावरही हरकत घेता येते, त्याला साक्षीला बोलावता येते. समोरच्यांनी हरकत घेतली, की गच्चीची गळती धरली नाही. ती खरी होती, म्हणून दुरुस्तीचे काही पैसे कमी झाले. आमचीही एक हरकत होती, की पार्किंगची जागा मोजली नाही. तीही मान्य झाली.

यातून मी जे शिकले ते थोडक्यात सांगते. कोणत्याही मूल्यांकनकाराचा अहवाल हाती आला की शेवटचा आकडा आधी पाहू नका. आधी पाच गोष्टी पाहा. तो माणूस घरात येऊन गेला का? क्षेत्र कोणते धरले, आतले की भिंतींसकट? दर कशावरून काढला आणि ज्या विक्रीवरून काढला तिचा दस्त जोडला आहे का? किंमत कोणत्या तारखेची आहे? आणि कर्ज, थकलेली घरपट्टी, सोसायटीची बाकी यांचे काय केले? या पाचांची उत्तरे त्यात नसतील तर तो अहवाल म्हणजे बिनमिठाची आमटी.

आणखी एक. तज्ज्ञ म्हणजे न्यायाधीश नव्हे. पुराव्याचा नवा कायदा १ जुलै २०२४ पासून आला, पण तज्ज्ञाचे म्हणणे हे मत आहे, ही जुनी गोष्ट त्यातही कायम आहे. ते मत कारणांसह असेल तरच त्याला वजन. आपण पैसे दिले म्हणून तो आपल्या बाजूने बोलेल, अशी अपेक्षा धरू नये, आणि तसे बोलणारा माणूस घेऊही नये. उलटतपासणीत असा माणूस आपल्यालाच बुडवितो. फी ठरविताना विचारून घ्यावे, की साक्षीला यायचे पैसे यातच आहेत की निराळे. आणि ठरले ते लिहून घ्यावे. शक्य असेल तर दोन्ही पक्षांनी मिळून एकच माणूस नेमावा. भांडण असले तरी टेप दोघांना सारखीच लागू असते.

हस्ताक्षराचा तज्ज्ञही कधी लागतो, विशेषतः भावा-बहिणींच्या वादात. हक्कसोडपत्रावर ‘ही सही माझी नव्हे’ असे बहीण म्हणते तेव्हा. त्या वेळी त्याच काळातल्या तिच्या इतर सह्या लागतात. म्हणून जुने बँकेचे कागद रद्दीत घालू नका. आणि त्याहून महत्त्वाचे, न वाचता सही करू नका. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे, आणि त्यासाठी त्या वेळी वडील हयात असणे जरुरीचे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी सांगितले आहे. साडी-चोळी घेऊन सही द्यायची असेल तर आनंदाने द्या, पण कशावर देतो आहो ते समजून द्या.

शेतजमिनीबद्दल एवढेच सांगते, की सातबाऱ्यावर क्षेत्र सारखे असले तरी जमीन सारखी नसते. विहिरीकडची बागायत आणि माळावरची जिरायत यांची किंमत एक नव्हे. पोटखराबा किती, रस्ता कोणाला, विहिरीत पाळी कोणाची, हे वाटणीत लिहिले गेले पाहिजे. सरकारला सारा देणाऱ्या शेतजमिनीचे प्रत्यक्ष वाटप न्यायालयाच्या हुकमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. राहत्या घराचे तुकडे पडत नसतील तर १८९३ च्या वाटणीच्या कायद्याने ते विकून पैसे वाटता येतात. एखाद्याने तशी विक्री मागितली, तर दुसरा हिस्सेदार न्यायालयाने ठरविलेल्या किमतीला त्याचा हिस्सा विकत घेऊ शकतो. म्हणजे तिथेही गाडी येऊन थांबते ती किमतीपाशीच.

पोटगीच्या कामात २०२० पासून दोघांनीही आपापल्या मिळकतीचे व देण्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या निकालात तसे ठरविले. त्यात आपलेही खरे लिहावे. आपली पोस्टातली ठेव लपवून समोरच्याची शेती शोधायला निघालो, तर आपल्या शब्दाला काय किंमत राहणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण संसारात चालेल, प्रतिज्ञापत्रात चालत नाही.

खर्चाची भीती वाटते, ती खरी आहे. पण स्त्रियांना, मिळकत कितीही असली तरी, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. १९८७ च्या कायद्यात तशी तरतूद आहे. जिल्ह्याच्या न्यायालयात त्यांची कचेरी असते. तिथे जाऊन विचारण्यात कमीपणा नाही.

काहीजणी म्हणतील, संसार सुखाचा चालू असताना वजने-मापे लिहून ठेवणे म्हणजे अपशकुन नव्हे का? मला तसे वाटत नाही. आपण किराण्याची यादी करतो ती वाण्यावर अविश्वास म्हणून नव्हे. घरात आग लागली, चोरी झाली, नवरा अचानक गेला, तरी हीच वही उपयोगी पडते. आणि घरातल्या माणसांच्या डोळ्यांदेखत, दोघांच्या सह्यांनी ती केली, तर तिच्यात लपवाछपवी कसली? उलट सगळे लिहिलेले असले तर भांडण लवकर मिटते. माझ्या बहिणीचे प्रकरण निकालापर्यंत गेले नाही. आकडा पक्का झाल्यावर दोघेही समुपदेशकासमोर बसले आणि तडजोड झाली. घर तिच्याकडे राहिले, कर्जाचे हप्ते तिच्या माथी आले, आणि नवऱ्याचा हिस्सा ती तीन हप्त्यांत देते आहे. त्यासाठी तिला पाटल्या मोडाव्या लागल्या. सुख झाले असे मी म्हणणार नाही. पण मुलीची शाळा सुटली नाही.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. आपण भिशीचा हिशेब ठेवतो, हळदीकुंकवाचा ठेवतो. येत्या वर्षात महिन्यातून एक दुपार प्रत्येकीने आपली वही करण्यासाठी ठेवावी. दागिन्याचे नाव, ग्रॅममधले वजन, निव्वळ सोने, पावती, देणाऱ्याचे नाव. घराचे खरेदीखत कुठे आहे, कर्ज किती, हप्ता कोणाच्या खात्यातून जातो. शेत असल्यास सातबारा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची वही मी लिहून देईन, अक्षर माझे बरे आहे. ती वही मंडळात ठेवायची नाही, ज्या त्या बाईने आपल्या घरी ठेवायची. आणि ज्यांच्या घरी मुलीचे लग्न ठरले आहे, त्यांनी आहेराच्या वहीआधी ही वही काढावी.